प्रेरणादायी भाषणांचा हुरूप सकाळपर्यंत का टिकत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमके कशाला उत्तर देत आहे ते स्पष्ट राहील. गेली दोन वर्षे तुम्ही रोज रात्री झोपण्यापूर्वी दोन-तीन प्रेरणादायी भाषणे ऑनलाइन पाहता. पाहताना मन भरून येते, आपणही काही करू शकू असे वाटते आणि दुसऱ्या दिवसाचे बेत मनात आकार घेऊ लागतात. सकाळी मात्र त्यातले काहीच उरलेले नसते, आणि रात्र झाली की पुन्हा नवे भाषण शोधावेसे वाटते. या भाषणांची एवढी ओढ का वाटते, हे व्यसन आहे का आणि ती पाहणे बंद करावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली सोळा वर्षे वक्त्यांची तयारी करून घेण्याचे काम करते. संशोधक, शिक्षक, खेळाडू, मोठ्या आजारातून उठलेली माणसे अशा अनेकांची पंधरा-वीस मिनिटांची भाषणे मी त्यांच्यासोबत बसून रचली आहेत, कापली आहेत आणि मंचावर उभी केली आहेत. तुम्हाला पडद्यावर जे दिसते त्याची दुसरी बाजू मी सतत पाहत असते, आणि त्या बाजूने तुमचा खरा प्रश्न मला थोडा वेगळा वाटतो. हुरूप ओसरतो यात नवल नाही, कारण कोणतीही तीव्र भावना ओसरतेच. पुराण ऐकताना दाटून येणारे आणि श्रोता उठताच विरणारे वैराग्य आपल्याकडे इतके परिचयाचे आहे की त्याला पुराणवैराग्य असा स्वतंत्र शब्दच आहे. विचार करण्याजोगी गोष्ट ही की, ओसरण्यापूर्वी त्या हुरुपाला धरून राहायला काहीच का सापडत नाही. माझे उत्तर असे आहे की, तो ज्या भागाला धरू शकला असता तो भाग भाषण बसवताना आम्ही कापून टाकलेला असतो.

यातले बरेच काही पाहणाऱ्याच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधी सांगायला हवे. दिवसभराच्या श्रमाने थकलेल्या, एकट्या पडलेल्या किंवा जवळचे माणूस गमावलेल्या व्यक्तीने रात्री एखादा समजूतदार मानवी आवाज ऐकला आणि तिला शांत झोप लागली, तर त्या भाषणाचे काम तिथेच पूर्ण झाले. त्यातून सकाळी काही निष्पन्न झालेच पाहिजे असा हट्ट तिने धरू नये. ज्याची दिशा ठरलेली आहे आणि फक्त उमेद कमी पडते आहे, त्याला एक भाषण कित्येक दिवस पुरते. ज्याची दिशाच ठरलेली नाही, त्याला रोजचे नवे भाषण रोज नवी दिशा दाखवते आणि गोंधळ वाढवते. दिवसचे दिवस कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आणि या भाषणांव्यतिरिक्त कशानेच बरे वाटत नसेल, तर मात्र डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. भाषण हा त्यावरचा उपचार होऊ शकत नाही. तुमची नोकरी आणि घर व्यवस्थित चालू आहे, झोपही पुरेशी होते, असे तुम्ही लिहिले आहे. तेवढ्यावरून मी याला व्यसन म्हणणार नाही. ही एक सवय आहे आणि तिची मांडणी बदलता येईल, असे गृहीत धरून पुढे लिहिते.

आता ओढीविषयी. अशा छोट्या भाषणांसाठी ओळखल्या जाणाऱ्या टेड या परिषदेची सुरुवात 1984 मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे झाली, आणि जून 2006 मध्ये तिच्यातील भाषणे सर्वांसाठी विनामूल्य ऑनलाइन उपलब्ध होऊ लागली. 2009 पासून टेडएक्स या नावाने जगभर स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाले आणि 18 मिनिटांची मर्यादा असलेला हा साचा इतका रुजला की त्याच्याशी संबंध नसलेले वक्तेही आज त्याच बेताने बोलतात. या साच्यामागे पक्का विचार आहे. अठरा मिनिटांत एकच कल्पना नीट मांडता येते, दोन मांडता येत नाहीत, त्यामुळे वक्त्याला निवड करावीच लागते. आम्ही वक्त्याला पहिल्या अर्ध्या मिनिटात प्रास्ताविक करू देत नाही, थेट एखाद्या प्रसंगात उभे करतो. हातात कागद नसतो, मध्ये टेबल नसते, कॅमेरा चेहऱ्याच्या इतका जवळ असतो की सभागृहातल्या दहाव्या रांगेला न दिसलेला ओठांचा कंप तुम्हाला दिसतो, आणि हेडफोन लावला असेल तर तो आवाज तुमच्या कानाशी येतो. इतक्या जवळून आणि इतक्या मनापासून आपल्याशी बोलणारी माणसे आयुष्यात फार थोडी असतात. म्हणून या ओढीची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही.

दुसऱ्याचे धैर्य किंवा चांगुलपणा पाहून छातीत ऊब दाटते, डोळे भरतात आणि आपणही अधिक चांगले व्हावे असे वाटते, या अनुभवाचा मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांनी 2000 च्या सुमारास वेगळी भावना म्हणून अभ्यास सुरू केला. प्रेरणेवर काम करणारे टॉड थ्रॅश आणि अँड्र्यू एलियट यांनी तिच्यातले दोन भाग वेगळे केले आहेत: कशाने तरी भारावून जाणे आणि काहीतरी करण्यास प्रवृत्त होणे. मला माझ्या कामात हा भेद फार उपयोगी पडला आहे. पहिला भाग वक्ता घडवू शकतो आणि चांगला वक्ता तो हमखास घडवतो. दुसऱ्या भागासाठी ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यातली एखादी ठोस जागा लागते, आणि ती वक्त्याला माहीत असणे शक्यच नसते. तुमच्या बाबतीत पहिला भाग रोज रात्री पूर्ण होतो आणि दुसरा सुरूच होत नाही.

तो का सुरू होत नाही हे एका उदाहरणाने सांगते. काही वर्षांपूर्वी एका शिक्षिकेचे भाषण मी बसवले. प्रौढ वयात त्यांची श्रवणशक्ती गेली होती आणि सहा वर्षांनी त्या पुन्हा वर्गात शिकवू लागल्या होत्या. त्यांचा पहिला मसुदा चाळीस मिनिटांचा होता आणि त्यातली पंचवीस मिनिटे त्या सहा वर्षांची होती. प, ब आणि म हे तीनही ध्वनी उच्चारताना ओठ सारखेच मिटतात, त्यामुळे ओठांवरून बोलणे ओळखताना त्यांची कशी गल्लत होत असे. पहिले वर्षभर त्या बहिणीसमोर बसून रोज फक्त दहा मिनिटे सराव करत. दोनदा त्यांनी सगळे सोडून दिले. एक संपूर्ण वर्ष काहीच प्रगती झाली नाही. पैशांवरून घरात वाद झाले. हे सगळे खरे होते, आणि मंचावर सांगितल्यावर कंटाळवाणे होत होते. आम्ही ते काढले. उरला रोज समोर बसणाऱ्या बहिणीचा ओझरता उल्लेख, आणि एक वाक्य: सहा वर्षांनी मी पुन्हा फळ्यासमोर उभी राहिले. कार्यक्रमात नेमक्या त्याच वाक्याला सभागृह उठून उभे राहिले. नंतर त्यांना प्रेक्षकांची जी पत्रे आली, त्यातली बहुतेक सर्व त्या सहा वर्षांविषयीच विचारणारी होती. रोज काय करत होतात, किती वेळ करत होतात, सोडून द्यावेसे वाटले तेव्हा काय केलेत.

भाषण म्हणून आमचा निर्णय योग्य होता आणि आजही मी तो तसाच घेईन. परंतु त्या पत्रांनी मला दाखवून दिले की ऐकणाऱ्याला सुरुवातीचा धक्का आणि शेवटचा विजय या दोहोंपेक्षा मधल्या काळाची गरज अधिक असते, आणि नेमका तो काळ या साच्यात मावत नाही. जगभर सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या भाषणांतही हे दिसते. स्टीव्ह जॉब्स यांचे 12 जून 2005 चे स्टॅनफर्ड विद्यापीठातील पदवीदान समारंभाचे भाषण घ्या. महाविद्यालय सोडल्यावर ते सुलेखनाच्या वर्गात जाऊन बसू लागले आणि दहा वर्षांनी पहिला मॅकिंटॉश संगणक रचताना ते ज्ञान उपयोगी पडले, असे ते सांगतात. ती दहा वर्षे तिथे एका वाक्यात पार पडतात. पंधरा मिनिटांत तीन गोष्टी सांगणाऱ्या वक्त्याला दुसरा मार्गही नव्हता. तुम्ही मात्र आज त्या दहा वर्षांपैकी तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षात उभे असण्याची शक्यता जास्त आहे, आणि तिथे उभ्या असलेल्या माणसासाठी त्या वाक्यात काहीच नसते.

मधला काळ कापला की त्यातल्या शंकाही जातात, हा त्याचा आणखी एक परिणाम. सामाजिक मानसशास्त्रज्ञ एमी कडी यांचे 2012 चे भाषण अतिशय लोकप्रिय आहे. आत्मविश्वासपूर्ण पवित्र्यात काही मिनिटे उभे राहिल्याने शरीरातील संप्रेरकांची पातळीही बदलते, असे त्यात मांडले होते. त्यामागचा 2010 मधील मूळ प्रयोग 42 व्यक्तींवरचा होता. 2015 मध्ये 200 व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात संप्रेरकांवर असा परिणाम आढळला नाही आणि 2016 मध्ये मूळ अभ्यासातील सहलेखिका डेना कार्नी यांनी हा परिणाम खरा असल्याचे आपण आता मानत नाही, असे जाहीरपणे सांगितले. अशा पवित्र्याने माणसाला स्वतःला अधिक समर्थ वाटते, ही गोष्ट मात्र 2015 च्या त्या प्रयोगातही दिसली होती. शास्त्रातला वाद असा पुढे सरकत राहतो, भाषण मात्र चित्रित झाले त्या दिवशीच थांबलेले असते. म्हणून आरोग्य, पैसा किंवा मुलांचे संगोपन यांविषयी एखादे भाषण ऐकून निर्णय घेणार असाल, तर त्या विषयावर नंतर काय घडले ते अवश्य तपासून घ्या.

तरीही भाषण संपताना आपण पुष्कळ शिकलो अशी खात्री का वाटते, याचे उत्तर प्रयोगांतून बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. शाना कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये एकच मजकूर दोन प्रकारे चित्रित केला. एका चित्रफितीत वक्ती ताठ उभी राहून, डोळ्यांत पाहून, न अडखळता बोलते; दुसऱ्या चित्रफितीत तीच वक्ती वाकून, कागदात पाहत, अडखळत वाचते. पहिली चित्रफीत पाहणाऱ्यांना आपल्याला अधिक लक्षात राहील असे वाटले. प्रत्यक्ष चाचणीत दोन्ही गटांना जवळपास सारखेच आठवले. म्हणजे माझ्या व्यवसायाचे सारे कौशल्य ऐकणाऱ्याचा विश्वास वाढवते, पण त्याची स्मृती वाढवतेच असे नाही. मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना फलकावर डार्ट फेकण्याची चित्रफीत दाखवली. ती वीस वेळा पाहणाऱ्यांना आपण चांगला नेम साधू असे अधिक वाटले, पण एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा त्यांचा नेम प्रत्यक्षात चांगला लागला नाही. सहज केलेले काम वारंवार पाहिले की ते आपल्यालाही सहज वाटू लागते, आणि हाताला लागणारे वजन, ताण, अंतर यांचा अंदाज तर हात घातल्याशिवाय येतच नाही.

यातच आणखी एक गोष्ट मिसळते. झोपण्यापूर्वी भाषण ऐकून तुम्ही जे बेत करता, त्यात तुम्ही बहुधा काम पूर्ण झालेले पाहता: पुस्तक लिहून झाले आहे, व्यवसाय उभा राहिला आहे, लोक ऐकत आहेत. हेदर कॅप्स आणि गॅब्रिएले ओटिंगेन यांनी 2011 मध्ये दाखवले की अशा सुखद, पूर्णत्वाच्या कल्पना रंगवल्यानंतर माणसाची ऊर्जा वाढण्याऐवजी कमी होते. रक्तदाबासारख्या शारीरिक मोजमापातही ही शिथिलता दिसली. मनाने पोहोचून झाल्यावर निघण्याची निकड उरत नाही. झोपेसाठी ही शिथिलता चांगलीच आहे. तुमचे भाषण ऐकण्याचे वेळापत्रक मात्र असे पडले आहे की, हुरूप सर्वाधिक असतो तेव्हा पुढची कृती फक्त दिवा मालवण्याची असते.

ऑनलाइन पाहण्यातला एक फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. सभागृहात भाषण संपले की काही वेळ जातो. टाळ्या थांबतात, दिवे लागतात, शेजारी बसलेली अनोळखी व्यक्ती काहीतरी बोलते, कोणी असहमती दाखवते, आणि आपल्याला नेमके काय भिडले ते शब्दांत सांगावे लागते. त्या दहा मिनिटांत भाषण ऐकणाऱ्याचे होते. पडद्यावर ती दहा मिनिटे नसतात. शेवटचे वाक्य संपते न संपते तोच पुढच्या भाषणाची उलटी गणती सुरू होते आणि पुढचा वक्ता आधीच्या वक्त्याला पुसून टाकतो. एका रात्री तीन भाषणे पाहिल्यावर त्यातल्या पहिल्याचा मुख्य मुद्दा दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाक्यांत लिहून पाहा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हा सराव देते, आणि भाषणांवर मनापासून प्रेम असणाऱ्यांनाही तो अवघड जातो.

म्हणून पाहणे बंद करा असे मी सांगणार नाही. पाहण्याची वेळ आणि पाहिल्यानंतरची दहा मिनिटे, एवढ्या दोनच गोष्टी बदला. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद करा आणि भाषण अशा वेळी पाहा की त्यानंतर तुमच्याकडे जागेपणीचा किमान अर्धा तास असेल. सुट्टीची सकाळ असेल तर उत्तम. भाषण संपल्यावर पडदा बंद करून आठवणीतून लिहा. वक्ता काय म्हणाला हे एका परिच्छेदात, आणि मला कुठे भरून आले हे एका वाक्यात. हे दुसरे वाक्य मौल्यवान आहे, कारण ते बहुधा वक्त्याविषयी नसते. वरच्या शिक्षिकेचे भाषण ऐकून एका गृहस्थाने लिहिले होते की त्यांना विजयाच्या क्षणी भरून आले नाही, बहीण रोज समोर बसत होती या ओझरत्या उल्लेखाला आले. त्यांना पुढे काय करायचे होते ते त्या वाक्यातच होते: अनेक वर्षे बोलणे बंद असलेल्या भावाला फोन.

त्यानंतर एकच कृती ठरवा, आणि ती केव्हा, कुठे, कशानंतर करणार हे सुद्धा त्याच ओळीत लिहा. पीटर गॉलविट्झर यांनी अशा बेतांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. पास्काल शीरन यांच्यासह त्यांनी 2006 मध्ये 94 स्वतंत्र चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा केवळ उद्दिष्ट ठरवण्यापेक्षा प्रसंग आणि कृती जोडून ठरवणाऱ्यांना उद्दिष्ट गाठण्यात लक्षणीय अधिक यश आल्याचे दिसले. रोज लिहायचे असे म्हणण्याऐवजी, सकाळचा चहा संपल्यावर त्याच खुर्चीत बसून पाच ओळी लिहायच्या, असे म्हणा. कृती इतकी लहान ठेवा की तिच्यासाठी हुरुपाची गरजच पडू नये, कारण तुम्ही स्वतःच लिहिले आहे त्याप्रमाणे सकाळी तो नसणारच आहे.

भाषणांच्या निवडीबाबतही थोडे सांगते. पेनेलोप लॉकवुड आणि झिवा कुंडा यांनी 1997 मध्ये लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका अत्यंत यशस्वी, पदवीच्या उंबरठ्यावर असलेल्या विद्यार्थ्याविषयी वाचायला दिले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यातून प्रेरणा मिळाली, चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मिळाली नाही, कारण तसे काही करून दाखवायला त्यांच्याकडे वेळच उरला नव्हता. जे यश आपल्याला अजून गाठता येण्याजोगे वाटते, तेच उभारी देते. एखादे भाषण पाहून तुम्ही रोज खिन्न होत असाल, तर ते तुमच्यासाठी चुकीच्या टप्प्यावरचे भाषण आहे आणि ते निःसंकोच सोडून द्या. तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षे पुढे असलेल्या, फारशा प्रसिद्ध नसलेल्या माणसाचे बोलणे तुम्हाला जगप्रसिद्ध वक्त्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

शेवटी पुन्हा त्या कापलेल्या मधल्या भागाकडे येते, कारण तुम्हाला खरोखर ज्याची भूक आहे ते तिथे आहे असे मला वाटते. तो भाग नष्ट झालेला नसतो, दुसरीकडे असतो: त्या व्यक्तीच्या दीर्घ मुलाखतींत, रोजनिशीत, पत्रांत, आत्मचरित्राच्या त्या प्रकरणांत जी कोणी उद्धृत करत नाही, संशोधक असेल तर त्याच्या सुरुवातीच्या फसलेल्या प्रयोगांच्या नोंदींत. त्या शिक्षिकेला आजही पत्रे येतात. उत्तरादाखल त्या आपल्या पहिल्या वर्षाच्या सराववहीची काही पाने पाठवतात. त्यात तारीख, दहा मिनिटांत ओळखता आलेले शब्द, चुकलेले शब्द आणि कधी कधी नुसती एक आडवी रेघ असते, म्हणजे त्या दिवशी सराव झाला नाही. त्या पानांनी कोणाला रडू येत नाही, पण ज्यांना ती मिळाली त्यांच्यापैकी काहींनी स्वतःची वही सुरू केल्याचे त्यांना कळवले आहे. तुमच्या आवडीच्या भाषणांपैकी एक निवडा, त्या वक्त्याचे असे काही लिखाण शोधा, आणि आज रात्री नव्या भाषणाऐवजी त्याची पहिली चार पाने वाचा.